नीलिमाने नाव घेतलं

न्यूझीलंडमधल्या आमच्या मनुरेवात कुणाला निवडून यायचं असेल तर त्याने आधी आमच्या नीलिमाला गाठावं. उमेदवार कुणीही असो, पत्रकं घेऊन दारोदार हीच. सामोअन आजीबाईंना गाडीत घालून मतदानाला नेणार, वर त्यांच्या गुडघ्यांची चौकशीही करणार. निकालाच्या पार्टीत मात्र बाईसाहेब स्वयंपाकघरात बश्या विसळताना सापडायच्या. माझा जीव तुटायचा.

२०१६ साली ती लेकीच्या, मैत्रेयीच्या, शाळेत विश्वस्त मंडळासाठी स्वतःच उभी राहिली. आईबाप शिफ्टवर आणि मुलं फाटकाशी कुडकुडत उभी, हे तिला बघवत नव्हतं. शाळा सुटल्यावर हॉल उघडा राहावा, एवढंच तिचं मागणं. प्रचाराला मी बरोबर गेले. पहिल्याच दारात हिने दुसऱ्या उमेदवारांचं इतकं कौतुक केलं, की मी कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, स्वतःबद्दल बोल की!"

"मृदुला, दुसऱ्यांसाठी मी हीप्स, ढीगभर बोलते गं. स्वतःसाठी मागायला जीभच रेटत नाही."

त्यात तिने चैत्रातलं हळदीकुंकूही रद्द केलं. दरवर्षी अख्खी गल्ली यायची तिच्याकडे.

"मतदानाच्या तोंडावर उमेदवाराने लोकांना खाऊ घालायचं? नको."

"आंब्याच्या डाळीवर मत कोण विकतं?" मी चिडले. ती हसली, पण बधली नाही.

नीलिमा पडली. थोडक्या मतांनी पडली, म्हणून जास्तच लागलं तिला.

जूनच्या गारठ्यात तिने राहून गेलेलं हळदीकुंकू केलं. फ्रोजन कैरीची डाळ, हीटरपाशी वाळत घातलेल्या छत्र्या. कुंकू लावून घ्यायला शेजारची सामोअन सीना सगळ्यांच्या पुढे.

"नीलिमा, नाव घे!" मी मुद्दामच म्हटलं. नवऱ्याचं, सुशीलचं, नाव ऐकायला सगळ्या सरसावल्या. ती लाजली, जरा थांबली आणि म्हणाली,

"अलिबागची लेक मी, मनुरेवाची झाले,
नीलिमासाठी मत मागायला पहिल्यांदाच आले!"

सुशील डाळीचं पातेलं घेऊन दारातच थबकला. सीनाने मैत्रेयीला अर्थ विचारला.

"मम वॉन्ट्स युअर व्होट. नेक्स्ट टाइम."

"अबाउट टाइम, नीलिमा!" म्हणत सीनाने तिला कवेत घेतलं, आणि मला रडू आवरेना.

"चला, डाळ घ्या," म्हणत नीलिमा बश्या आणायला उठली. मी तिला दंडाला धरून खाली बसवलं. त्या दिवशी बश्या मी विसळल्या.