अर्थिंगचा नट

कच्च्या पेट्रोलचा वास आला की लातूरच्या माझ्या गॅरेजातली ती दुपार आठवते. मित्राच्या मोटारसायकलला मी पिकअप वाढवणारा ट्यूनर बसवला होता. दोन दिवसांनी तो आला. "पळता पळता मधीच बंद पडायली, बघ बरं." हातात दुसरं काम होतं, मान वर न करताच म्हणालो, "शंभर किलोमीटर चालव, आपोआप सेट होईल." त्याच संध्याकाळी मुरुडच्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना तो समोरच्या ट्रकखाली गेला; गाडी बाजूला फेकली गेली. त्याच्या वडिलांसोबत चौकीतून गाडी आणायला मीच गेलो. सीट काढली, तर ट्यूनरच्या अर्थिंगचा नट बोटानं फिरत होता; मीच आवळायचा विसरलेला, म्हणूनच करंट तुटून गाडी बंद पडत होती. वडील सही करत होते तोवर मी तो आवळला. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. "गाडीत काई दोष न्हवता म्हणा," वडील म्हणाले. मी "न्हाई" म्हणालो. आजही ते ती गाडी सर्व्हिसिंगला माझ्याकडेच आणतात.