डाव्या हाताची मुलं

कापसाच्या सीझनमध्ये आई जिनिंगला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात जायची आणि सीझन संपला की शेतात निंदायला. बाप त्याच जिनिंगमध्ये हमाल होता. कापसाची गासडी पायावर पडली तेव्हापासून खाटेवर. रेल्वेलाईनच्या मागची एक टिनाची खोली, तेच घर. भाजी नसली की तिखट-मिठाशी भाकर, आणि भाकरही नसली की आई म्हणायची, "शाळेत खिचडी भेटते ना, जाय." नगर परिषदेच्या शाळेत माझी एकही गैरहजेरी नव्हती, ती त्या खिचडीमुळे.

तिसरीत आम्हाला एक गुरुजी होते. तपासणीला साहेब येणार असले की आदल्या दिवशी ते वर्गाची तयारी करून घेत. साहेबांनी काहीही विचारलं तरी सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. गुरुजी उजव्या हातवाल्यालाच उठवत. साहेबांना दिसायचा हातांनी भरलेला वर्ग. ते खूश होऊन, चहा पिऊन जात.

मी डाव्या हाताची.

पालकसभेला आई एकदाच आली. जिनिंगमधून सरळ, केसांत कापूस अडकलेला. म्हणाली, "गुरुजी, पोरीले वाचता नाई येत वो."

गुरुजींनी तिच्या डोक्याकडं बघितलं. "बाई, वरून कापूस अन् आतून सरकी. तुमच्या घराण्यात दुसरं निघणार काय?"

सगळे हसले. मोठ्या माणसानं गंमत केली की हसायचं असतं, म्हणून आईही हसली. तिचं ते हसणं मी विसरले नाही. विसरायचंच नव्हतं.

पुढं हायस्कूलच्या एका बाईंनी मला शाळा सुटल्यावर थांबवून बाराखडीपासून शिकवलं. वर्ध्याच्या कॉलेजातून मी बी.ए. झाले, आमच्या सगळ्या घराण्यात पहिली. पेढे घेऊन त्या गुरुजींसमोर जाऊन उभं राहावं, असं फार वाटलं. गेले नाही. पेढ्यांनी फिटणारी गोष्ट नव्हती ती.

लग्न गावातच झालं. नवरा ऑटो चालवतो, मी झेरॉक्सच्या दुकानात बसते. कॉन्व्हेंट झेपत नव्हतं, म्हणून मुलगी माझ्याच शाळेत, चौथीत. गुरुजी आता तिथले मुख्याध्यापक, आणि चौथीचा वर्गही त्यांच्याचकडं. मुलगी रोज पुस्तक उघडून, ओळीवर बोट फिरवत धडा म्हणून दाखवायची. पोळ्या लाटता लाटता मी ऐकायची.

एक दिवस ती उड्या मारतच घरी आली. "मम्मी, साहेब येणार हायेत, आज प्रॅक्टिस झाली. मी सगळ्याइच्या आधी हात वर केला!"

"कोणता?"

"डावा. सरनं मले डावाच सांगतला हाय."

मी लाटणं खाली ठेवलं. तिचं पुस्तक घेतलं, मधलंच पान उघडलं, म्हटलं वाच. तिनं बोट ठेवलं आणि घडाघडा म्हणाली. त्या पानावरचा धडा दुसराच होता. दुसऱ्या मुलांचं ऐकून ऐकून तिनं सगळं पाठ केलं होतं.

नवरा म्हणाला, "चाल, आत्ताच जाऊन भांडू."

"भांडून काय होते? ते हसतीन अन् पाठवतीन वापस."

त्याच महिन्यात शाळा व्यवस्थापन समितीची निवड होती. आईसोबत जिनिंगला जाणाऱ्या बायांच्या सुना, लेकी सगळ्या पालक म्हणून आल्या आणि त्यांनी मला अध्यक्ष केलं. गुरुजींनी हार घातला. "आपलीच विद्यार्थिनी! शाळेचं नाव राखजो, बाई."

"राखीन ना, गुरुजी."

तपासणीच्या दिवशी शिक्षण विभागाच्या मॅडम आल्या. अध्यक्ष म्हणून माझी खुर्ची त्यांच्या शेजारी. गुरुजींनी प्रश्न विचारला आणि सगळा वर्ग हातांनी भरला. एक पोरगा उठला, बरोबर बोलला. दुसरी उठली, बरोबर बोलली. मॅडम म्हणाल्या, "वा, वर्ग छान तयार आहे."

मी म्हटलं, "मॅडम, आता डावा हात वर करणाऱ्यांना विचारा."

"म्हणजे?"

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. त्या एका बघण्यासाठी मी इतकी वर्षं थांबले होते.

दुसऱ्याच्या लेकराला मी पुढं करणार नव्हते. माझ्याच मुलीला उठवलं, पुस्तक दिलं. ती अडखळली, पाठ असलेला धडा म्हणू लागली, मग रडली. मी तिला जवळ घेतलं. तसंच धरून म्हटलं, "मॅडम, मीही याच शाळेत अशीच होती. डावीच."

मॅडमनी एकेका डाव्या हाताला उठवलं. गुरुजी फळ्याला टेकून घाम पुसत होते.

पुढच्या पालकसभेला मी आईला घेऊन गेले, पहिल्या खुर्चीवर बसवलं. गुरुजी आत आले तशी ती पदर सावरत उठायला लागली. मी तिचा दंड धरला.

"बस वं माय. आज ते उभे राह्यतीन."

ते उभे राहिले. "झालं गेलं विसरा," म्हणाले.

आई म्हणाली, "हो, हो, गुरुजी."

मी म्हटलं, "मी नाही विसरणार." आणि समितीचा ठराव वाचला: शाळा सुटल्यावर एक तास, वर्षाच्या शेवटापर्यंत, वाचता न येणाऱ्या मुलांना गुरुजी स्वतः शिकवतील, आणि रोज एक पालक मागं बसेल. खाली मॅडमची सही होती.

माझी पाळी नसली तरी मी जायची. निवृत्तीला टेकलेला तो माणूस सतरंजीवर मांडी घालून, दुखता गुडघा चोळत "क ला काना का" म्हणायचा आणि मी दारातून बघायची. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. एकदा आई जिनिंगमधून तशीच आली, केसांत कापूस घेऊन, आणि मागच्या भिंतीला टेकून बसली. गुरुजींनी मान वर केली नाही.

वर्ष संपताना मॅडम पुन्हा आल्या. त्यांनी मुलांना स्वतः उठवलं आणि चौथीतल्या प्रत्येक मुलानं त्यांच्यासमोर पुस्तक वाचलं. माझ्या मुलीनंही वाचलं.