जीभबाईची कवळी

गोळ्या-टॉफीच्या कारखान्यात तिला सगळे जीभबाई म्हणत. काम काय, तर दर अर्ध्या तासानं कढईतल्या पाकाचा चमचा तोंडात घ्यायचा, घोळवायचा आणि सांगायचं: लिंबू कमी, जळकट लागतंय, किंवा पास. तिनं पास म्हटल्याशिवाय कढई पुढे सरकत नसे. ऐकायला किती मजेचं, नाही? दिवसभर गोड खायचं आणि वर पगार घ्यायचा! बसून बघा एकदा तिच्या स्टुलावर.

आधीच्या चाखणाऱ्या बाईनं जाताना तिला बजावलं होतं, "सकाळी पेस्ट लावायची नाही हं. जीभ मरते." हिनं ते पाळलं. लग्न झालं, मुलगी झाली, नवऱ्याचं वर्कशॉप बंद पडून घर तिच्या एकटीच्या पगारावर आलं, तरी पाळलं. सकाळी नुसता ओला ब्रश फिरवायचा, चूळ भरायची आणि निघायचं. रात्री लावू म्हटलं तर पाठ टेकताच डोळा लागायचा.

दुसऱ्यांच्या दातांच्या बाबतीत मात्र बाई जमादार! सासूबाईंची कवळी रात्री घासून पाण्यात गेलीच पाहिजे. नवऱ्याची तंबाखूची पुडी तिनं त्याच्या डोळ्यांदेखत मोरीत ओतली होती. मुलीला कारखान्यातली एक टॉफी कधी दाखवली नाही. संध्याकाळी चपला काढता काढता फर्मान सुटायचं, "आ कर!" मुलगी आ करायची, ही घाईघाईत पुढचे दात बघायची, आणि मग मुलगी विचारायची, "आई, आज काय कमी होतं?"

"लिंबू," ही सांगायची, किंवा "आज काहीच कमी नव्हतं."

मुलगी चहाचा एक घोट घेऊन साखर कमी की जास्त ते अचूक ओळखायची. सासूबाई म्हणायच्या, "जीभ आईवर गेलीये हो कार्टीची!" आणि खरं सांगायचं तर, जीभबाईला तेव्हा अगदी भरून यायचं.

मग एक दिवस चमचा तोंडात घेतला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. वरच्या दाढेत कुणी खिळा ठोकावा तशी कळ. दुखणं तिनं बरेच दिवस अंगावर काढलं होतं, आता गाल सुजून आला. शेवटी गेली दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. मुलीलाही बरोबर नेलं, म्हटलं, निदान एकीचं तरी कौतुक होईल.

डॉक्टरीणबाईंनी आरसा फिरवला, फोटो काढला आणि जराही आडपडदा न ठेवता म्हणाल्या, "वरचे सगळे गेलेत. आत पू आहे. काढायचे आणि कवळी बसवायची."

"कवळीनं चवीचं काय होतं?"

"टाळू झाकली जाते. चव कमी लागते थोडी. सवय होते लोकांना."

"लोकांना होत असेल हो! माझी चवच गेली तर मला स्टुलावरून उठवतील. आमच्या घरात दुसरा पगार नाही. थोडे तरी वाचवा ना."

"किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, ते जास्त नडतं. दर अर्ध्या तासाला चमचा, म्हणजे तोंडाला सावरायला उसंतच नाही. आणि सकाळी पेस्ट नाही? अहो, बिनवासाची मिळते की! ती लावा, झोपताना तर लावाच. खालचे वाचतील. वरचे नाही वाचायचे." हाडात दात बसवायचाही एक उपाय होता, पण तो तिच्या ऐपतीच्या चार गल्ल्या पलीकडचा.

इतकी साधी गोष्ट! बिनवासाची पेस्ट! इतक्या वर्षांत तिनं कुणाला विचारलं नव्हतं, कुणी तिला सांगितलं नव्हतं. ती खुर्चीवरून उतरली आणि मुलीला वर बसवलं.

"हिची मागची दाढ किडलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुधाची नाही, नवी, जन्मभर पुरायची ती."

"शक्यच नाही! आमच्या घरात टॉफी येतच नाही!"

मुलगी पाय हलवत बसली होती. तिनंच सांगून टाकलं. "मी पेस्ट लावत नाही. तुझ्यासारखा नुसता ब्रश ओला करते. जीभ मरते ना! आणि शाळेतून आल्यावर आजी मला पाक करून देते. चमच्या-चमच्यानं. मी सांगते काय कमी आहे ते. मला तुझ्या स्टुलावर बसायचंय."

डॉक्टरीणबाई दाढ भरून देऊ, बाकीच्यांना लेप लावू असं काही तरी सांगत होत्या, जीभबाईला ते धड ऐकू येत नव्हतं. आपण पोरीचे दात रोज तपासत होतो आणि पोर आपल्याकडे बघत होती. तिला स्वतःची चीड आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोन ब्रशांवर घरातली पुदिन्याची झणझणीत पेस्ट घेतली आणि मुलीशेजारी उभं राहून घासघास दात घासले. मुलगी घाबरून म्हणाली, "आई, तुझी जीभ!"

"मरू दे मेली," ती फेसातूनच म्हणाली.

वरचे दात काढले. हिरड्या भरल्यावर कवळी आली. पहिल्या दिवशी सुपरवायझरनं चमचा पुढे केला, सगळी लाइन थांबली. तिनं पाक घोळवला. कोमट चिकट पाणी. लिंबू आहे की नाही, काही म्हणजे काही कळेना.

"पास," ती म्हणाली.

कढई पुढे सरकली. माल बाहेर गेला. ती रोज वाट बघत राहिली, आज बोलावणं येईल, आज येईल. कुणी ब्र काढला नाही. संशय नको म्हणून ती मधूनच म्हणायची, "लिंबू वाढवा जरा." कढईवाले वाढवायचे, स्वतः बोट लावून चाखायचे आणि मान डोलवायचे, "वा! जीभबाई ती जीभबाई!"

ही जीभ कुणाला नकोच होती, हे कळलं तेव्हा तिला हसावं की रडावं समजेना. कुणाला सांगायचीही सोय नव्हती. सांगितलं तर स्टूल जाणार. मग उरलेल्या दातांवर दर अर्ध्या तासाला तोच चमचा, तेच घोळवणं आणि तेच "पास".

संध्याकाळी चपला काढताना मुलगी पुढे आली. "आई, आज काय कमी होतं?"

जीभबाईनं तिच्याकडे बघितलं नाही.

"लिंबू," ती म्हणाली. "आ कर. नीट मोठा कर. मागची दाढ बघू दे मला."