वामनअण्णांच्या वहीतली न सुटलेली नोंद

वामनअण्णा आमच्या घरी पहिल्यांदा आले ते सांत्वनाला नव्हे. माझे यजमान मनोहर यांना जाऊन आठ महिने झाले होते. अण्णांनी पाणी घेतलं आणि विचारलं, "अक्का, मनोहरराव मंडळाच्या मशीनचा पासवर्ड कुठे लिहून ठेवत?" मला राग आला. अण्णांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात तो आधी कबूल करते.

कोरमंगलातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयाचा सर्व्हर यजमानांनी उभा केला होता. पुस्तकांची यादी सांभाळणारा प्रोग्रॅमही त्यांचाच. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण याच वाचनालयात झालं. एखादं पुस्तक वाचून मी घरी जे बोले, ते यजमान त्या पुस्तकाच्या नावाखाली टिपून ठेवत. त्या नोंदी दुसरीकडे कुठेच नव्हत्या. मंडळाने नवं सॉफ्टवेअर घेतलं, पण ते त्या मशीनवर बसेना. कंपनीची माणसं दोनदा येऊन हरली. शेवटी ठरलं, रविवारी मशीन पुसून कोरं करायचं.

मी पासवर्ड शोधून दिला होता; अण्णांनी समितीकडून शनिवारची दुपार मागून घेतली आणि मला बोलावलं. सरकारी कारखान्यात त्यांची हयात गेली. त्यांची रीत अशी, की यंत्राने दिलेला निरोप शेवटपर्यंत मोठ्याने वाचायचा, वहीत उतरवायचा, मगच हात लावायचा. "लोक अर्धं वाचून दुरुस्तीला लागतात," ते म्हणाले, "आणि वर यंत्राला नावं ठेवतात." निरोप वाचून झाल्यावर ते म्हणाले, "नव्या सॉफ्टवेअरला हवी ती जागा अडलीय. कोणीतरी आधीच बसलंय."

"कोण?"

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. तिथे नाव होतं, मनोहर.

अण्णांनी तो जुना प्रोग्रॅम थांबवला. अर्ध्या मिनिटात तो आपोआप सुरू झाला. पुन्हा थांबवला, पुन्हा सुरू. मग त्यांनी त्याचा लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःच ठेवलेली रोजनिशी, उघडला आणि रीतीप्रमाणे मोठ्याने वाचू लागले. "येतो. आलो. येतो. आलो." बंद होताना आणि सुरू होताना काय लिहायचं, ते शब्द यजमानांनीच दिलेले. बेळ्ळंदूरला ऑफिसात निघाले त्या शेवटच्या सकाळीही ते दारातून "येतो" म्हणाले होते.

"बंद पडला तर परत उठवायला त्यांनी पहारेकरी ठेवलाय," अण्णा हलकेच म्हणाले. "स्वल्प, जरा थांबा. आधी सगळ्याची नक्कल." नोंदी सुखरूप उतरल्या. पहारेकरी काढला. मग अण्णा खुर्चीवरून उठले. "आता तुम्ही थांबवा, अक्का."

"मला नाही जमणार."

"एवढी जाडजाड पुस्तकं संपवता, एक बटण जड झालं?"

मी दाबलं. "येतो," अशी ओळ उमटली. अर्धं मिनिट गेलं, मिनिट गेलं. खाली काही आलं नाही. अण्णांनी मशीन बंद केलं, मला विजेची तार भिंतीतून काढायला सांगितली आणि कॉफी मागवली.

नंतर तार परत जोडली आणि नवं सॉफ्टवेअर पहिल्याच खेपेला बसलं. अण्णांनी जुना लॉग एकदा अखेरचा उघडला. "येतो"च्या खाली एक ओळ होती. "आलो." पुढे वेळ होती, आमच्या कॉफीची. त्या वेळी तार माझ्या हातात होती.

दुसऱ्या कोणी काहीबाही सांगून माझी समजूत घातली असती. अण्णांनी मशीनचं घड्याळ तीनदा तपासलं, बाकीच्या वेळा पडताळल्या आणि वहीत लिहिलं, "कारण कळले नाही." मला म्हणाले, "सरी, ठीक आहे, अक्का. नाही कळलं ते नाही कळलं." माझ्या दुःखाशीही तेव्हापासून मी तसंच वागते.

यजमानांच्या नोंदी आता नव्या यादीत आपापल्या पुस्तकाखाली आहेत. पंचाहत्तरीतही अण्णा दर शनिवारी सर्जापूर रोडवरून बसने वाचनालयात येतात. निघताना दारात वळून "येतो, अक्का" म्हणतात आणि मी पुढच्या शनिवारची वाट बघू लागते. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. असे पुष्कळ शनिवार दारातून "आलो" ऐकू यावं, आणि मी मान वर करून पाहीन तेव्हा तिथे अण्णा उभे असावेत.