लॅपटॉपातली रिकामी पट्टी

चौथीत मी दोनदा बसलो. तिसऱ्यांदा मास्तरच बोलले, आता ऊठ. तेव्हापासून शाळेचा नि माझा संबंध नाय. पण नकाशा मला वाचता येतो, जमिनीचा. इंग्रजी अक्षर कळत नाय, तरी कुठला तुकडा कुणाचा, रस्ता कुठून येणार, मागच्या अंगाला किती मोकळं सुटलंय, हे कागद उलटा धरूनही सांगेन. पनवेलच्या आसपास एवढ्यावर माणसाचं पोट भरतं. माझं जरा जास्तच भरलं, ते शर्टाची बटणं सांगतील.

हे आधी सांगितलं, कारण पुढचा घोळ मला कळत नव्हतं म्हणून झाला नाय. कळतंय असं वाटलं म्हणून झाला.

आमची सून नवीन पनवेलातली, नोकरदारांच्या घरातली, शिकलेली. पोराशी लग्न तिनं आपल्या मर्जीनं केलं, त्यात माझं काय कर्तृत्व नाय. पोरगा न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात शिफ्टवर असतो. नात झाली तशी सुनेची आधीची नोकरी सुटली. मग पुण्याच्या एका कंपनीचं काम तिला घरून मिळालं, प्रोग्राम लिहायचं. थोडे महिने बघणार आणि काम पटलं तर पक्की करणार. ती फार बोलत नाय, पण ह्या कामावर तिचा जीव होता. सकाळी केस विंचरून, चांगला कुडता घालून ती हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायची. आपल्याच घरात कामाला निघाल्यासारखी.

लॅपटॉप जुना, पोरानं बाजारातून आणलेला. बॅटरी मेलेली. वायर काढली की त्याच क्षणी बंद. मूळचं जे होतं ते जड चालायचं, म्हणून सुनेनं त्यावर लिनक्स टाकलं. मला त्यातलं एवढंच कळलं की हे फुकट असतं, नि जुन्या मशीनला झेपतं.

आता तिचं काम चालायचं नातीच्या झोपेवर. नात झोपली की हिनं उघडायचं, नात रडली की झाकण लावायचं. आणि नात काय दुकानाच्या वेळेवर झोपत नाय. तिला दात येत होते. पण मशीनची एक सोय होती. झाकण लावलं की जे काय उघडं असेल ते सगळं जसंच्या तसं उचलून मशीन आपल्या डिस्कवर ठेवायचं, आणि मग पार बंद व्हायचं. पुन्हा चालू केलं की अर्धा शब्द लिहून ठेवला असेल तर तिथूनच पुढं. हायबरनेट म्हणतात त्याला. आमच्या हॉलात धड बोर्ड एकच. सून झाकण लावायची, मशीनचा बारका दिवा विझायचा, मग मी त्याची वायर काढून बाळाच्या पाण्याची किटली लावायचो. घरात माझ्याकडे दिलेलं जोखमीचं काम ते एकच.

दुपारी सून नि नात दोघी लवंडल्या की लॅपटॉप माझा. गिऱ्हाइकाला दाखवायचे प्लॉटचे व्हिडिओ, गावच्या टेनिस क्रिकेटच्या मॅचा, कुणाकुणाच्या हळदीतले नाच, सगळं मी त्यात भरून ठेवलेलं. एक दिवस मशीन सांगायला लागलं की जागा संपत आली. सून बोलली, रविवारी बघते बाबा. पण जागेचा विषय निघाला आणि मी रविवारपर्यंत थांबेन, हे कसं होईल?

फोनवर हिंदीत शिकवणारा एक माणूस बघितला. त्यानं सांगितलं तसं दाबत गेलो. पासवर्ड मला ठाऊक होता, नातीला आमी मारतो ती लाडाची हाक. आणि पडद्यावर जे उघडलं ते बघून मी खुर्चीत सरळ बसलो. लेआऊट होता. देवाशपथ. लांब आडवी पट्टी, तिचे रंगवलेले तुकडे. एक भलामोठा तुकडा, गच्च भरलेला. आणि त्याला लागून शेवटाला एक छोटी पट्टी, वेगळ्या रंगाची, आत काय नाय. ना बांधकाम, ना कुंपण. भरलेल्या प्लॉटच्या अंगाला अशी जागा मोकळी पडलीय आणि कुणाचं लक्ष नाय. माझी सगळी उमर असल्या पट्ट्या हेरण्यात गेली. मी ती पट्टी काढली, मोठ्या तुकड्याची हद्द पुढं सरकवली, हिरवी खूण दाबली. झालं. तलाठी नाय, साहेब नाय, चहापाणी नाय. असा व्यवहार मी जन्मात केला नव्हता.

रात्री जेवताना मी ऐटीत सांगितलं, मशीनीत जागा करून दिली बरं का. पोरगा शिफ्टवरून आलेला, तो ताटातच झोपत होता. सुनेला वाटलं, मी माझे नाच पुसले. बोलली, "बरं केलंत बाबा." मी वर आणखी एक भाकर घेतली.

दुसऱ्या दिवशी नात रडली, सुनेनं झाकण लावलं आणि आत गेली. मी वायरीशी उभा. दिवा काय विझेना. आतून बायको किटलीसाठी हाका मारतेय. मला वाटलं दिवा अडकला असेल, आणि ओढली वायर.

सुनेनं नंतर उघडलं तर मशीन कोरं. लिहिलेलं बरंचसं वाचलं होतं, पण तिनं मांडलेला सगळा पसारा गेला. स्वयंपाक अर्ध्यावर असताना कुणीतरी भांडी घासून फळीवर लावावीत, तसं. ती पुन्हा मांडत बसली. मांडून होईतो नात उठली.

मग हे रोजचंच झालं. झाकण लावायचं, दिवा तसाच, वायर काढली की सगळं गेलं. नाय काढली तर मशीन आतल्या आत तापत बसायचं. पोरगा बोलला बॅटरीमुळे असेल. बाजारातल्या दुरुस्तीवाल्यानं फोनवरच निदान केलं, नवीन घ्या. सुनेला वाटलं मध्ये काहीतरी अपडेट आलं त्यानं बिघडलं, म्हणून तिनं अपडेटच्या आधीचं जुनं चालू करून बघितलं. झाकणाची सेटिंग बघितली. मग झाकण राहू दे म्हणून तिनं मशीनला लिहून हुकूम दिला, झोप. मशीननं उत्तर दिलं की असलं काही इथं होत नाय. "परवापर्यंत होत होतं," सून त्याच्याकडे बघून हळूच बोलली. सरकारी खिडकीवर उभ्या असलेल्या माणसासारखी. बायकोनं नातीची दृष्ट काढली आणि मुठीतलं मीठ-मिरची तशीच लॅपटॉपवरून पण उतरवली. मिठागरवाल्यांची पोर ती, मिठावर तिचा भरवसा.

मी काय करत होतो? नातीला खांद्यावर घेऊन हॉलात फेऱ्या मारत होतो, आणि बाजारातल्या जुन्या मालाला नावं ठेवत होतो.

कंपनीतल्या साहेबाचा फोन यायला लागला. साहेब ओरडायचा नाय, तेच वाईट. सून हो सर, हो सर करायची आणि फोन ठेवला की पुन्हा पसारा मांडायला बसायची. केस विंचरायचं पण राहून जायला लागलं. एका संध्याकाळी पोरगा बोलला, "सोड ना मग. उपाशी मरतोय काय आपण?" प्रेमानंच बोलला.  सून नातीच्या लंगोटांच्या घड्या घालत होती. त्या घड्या तिनं उलगडल्या नि पुन्हा घातल्या. ते बघितलं आणि मी पण दमलो. खांदा दुखत होता तो वेगळा.

त्यात मशीन चालू व्हायलाही फार वेळ घ्यायला लागलं. एका सकाळी मी नातीला घेऊन सुनेच्या मागं उभा होतो. काळा पडदा, त्यावर इंग्रजी ओळ, आणि पुढं एक लाल चांदणी इकडून तिकडं, तिकडून इकडं. ओळीत लांबलचक नंबर. मी विचारलं, हे काय करतंय?

"एका जागेचा नंबर आहे बाबा. ती जागा शोधतंय. सापडत नाहीये."

 हे मी बघितलेलं हाय. एक म्हातारा माझ्याकडे यायचा, शेजारच्या गावचा. खिशात घडी पडलेला उतारा, त्यावर सर्व्हे नंबर. टॉवरच्या गेटसमोर उभा राहून मला विचारायचा, ह्याच्यात माझं शेत कुठं ते दाखव. वॉचमन हाकलायचा, तो रस्त्याच्या त्या बाजूला जायचा, पुन्हा ह्या बाजूला यायचा. नंबर खरा होता. जागाच राहिली नव्हती.

मी बोललो, "पोरी, ती पट्टी मी घेतली."

"कुठली पट्टी?"

"शेवटची. रिकामी होती."

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. शिकलेली माणसं ओरडत नाय, समजावून सांगतात, ते फार लागतं.

"बाबा, ती रिकामीच ठेवायची असते. मशीन झोपताना आपलं सगळं तिथे नेऊन ठेवतं. जागाच नाही, तर ठेवणार कुठे?"

आतून बायको बोलली, "गावातली जागा सरली, म्हणून आता मशीनीतली घेतलीत काय?"

 आमच्या घरामागं खाजण होतं. मोठ्या भरतीचं पाणी यायचं, पसरायचं, ओहोटीला निघून जायचं. बाकीचे दिवस नुसतं गवत नि बगळे. भरावासाठी ते विकताना मी समोरच्याला बोललो होतो, घेऊन टाका, कसल्या कामाचं नाय, रिकामं पडलंय. आता उधाणाचं पाणी ओट्याच्या पायरीपर्यंत येतं. बायको केरसुणीनं लोटते. मला कधी काय बोलली नाय, नुसती लोटते. एवढं बघून पण माणूस शिकला नाय, तर त्याला चौथीत तिसऱ्यांदा तरी कशाला बसवायचं?

सून बोलली, आता पट्टी पुन्हा तोडायची तर मशीनला पेनड्राइव्ह लावून बाहेरून चालू करावं लागेल, त्यापेक्षा मोठ्या तुकड्यातच एक कोपरा राखून ठेवू. पण कोपरा तरी कुठं होता? वाढीव जागा मी त्याच संध्याकाळी मॅचा उतरवून भरून टाकलेली. मग बसलो दोघं. ती एकेक व्हिडिओ दाखवायची आणि मी बोलायचो, काढ. मॅचा गेल्या. नाच गेले, त्यात माझा स्वतःचा पण होता, तो तर तिनं विचारलाच नाय. शेवटी खाजणाचा आला. गिऱ्हाइकाला दाखवायला ड्रोनवाल्याकडून काढून घेतलेला. पाणी भरलेलं, बगळे उडतायत. दुपारी मी हाच लावून बसायचो, हे बहुतेक तिला ठाऊक असावं.

"हा ठेवू?" ती बोलली.

"काढ. जागा गेली, आता तिचा व्हिडिओ कशाला जागा अडवतोय."

तिनं काढला.

पयल्या खेपेला मशीन झोपलं, पण उठलं ते कोरंच. हळदीत टाईट झालेल्या पाव्हण्यासारखं, आपण कुठं आलोय तेच आठवेना. सून बोलली, कोपरा राखला, पण तो नेमका कुठून सुरू होतो ते उठताना त्याला कळत नाहीये. तिनं तो आकडा शोधून मशीनला लिहून दिला. त्यातही दोन-तीनदा चुकलं. मध्ये नात उठली, जेवणं झाली, नात पुन्हा झोपली. मी फेऱ्या मारत होतो. मग तिनं झाकण लावलं. दिवा थोडा वेळ जळला आणि विझला. मी वायर काढली, पुन्हा लावली. तिनं उघडलं. सगळ्या खिडक्या जागच्या जागी, आणि तिच्या अर्ध्या शब्दापुढं ती बारकी रेघ लुकलुकत होती. सून हसली नाय. खुर्ची पुढं ओढली आणि तो शब्द पुरा केला.

मी विचारलं, ते लेआऊटचं चित्र दाखव, नवीन कोपरा कुठं पाडलास ते बघू.

"तो चित्रात दिसत नाही बाबा," ती पडद्यावरून नजर न काढता बोलली. "मुद्दाम तसाच ठेवलाय."

 दलालापासून जागा राखायची तर दुसरा उपाय मला पण सुचला नसता.

काम अजून तिच्याकडे हाय. पक्की करू असं ते बोलतात, करतील. नातीला आता दाढा येतायत, म्हणजे आमच्या फेऱ्या चालूच. पण दिवा विझल्याशिवाय मी वायरीला हात लावत नाय. बायको आतून किटलीसाठी हाका मारते. मी बोलतो, थांब जरा, त्याचं सामान उतरतंय.