नदीकाठचं भांडण

ज्या वर्षी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, त्याच वर्षी माझी पत्नी सुमती विषमज्वराने गेली. मी पाटबंधारे खात्यात इंजिनियर. मराठी म्हणून माझं नाव मुंबई राज्याकडे गेलं आणि बदली औरंगाबादला झाली. पिढ्यान्‌पिढ्या मलकपेठेत राहिलेल्या माझ्या आईने साफ सांगितलं, "सरकारनं नकाशा फाडला म्हणून मी घर सोडायचं का?" माझी चार वर्षांची मुलगी तिच्याच पदराला होती. मी देवघरात पाऊल टाकणं बंद केलं. आमचं कुलदैवत नरसिंह, खांबातून प्रकटणारा. माझ्या घराला काय खांब नव्हते?

प्रशिक्षणासाठी इंग्लंडला जाणं आधीच ठरलेलं होतं. गेलो ते परत न येण्याचा विचार मनात घेऊनच. परतायचं तरी कुठे? राज्य उरलं नव्हतं, घरात सुमती नव्हती. तिथल्या एका वरिष्ठांनी नोकरी देऊ केली होती. सोमवारी त्यांना होकार कळवायचा होता.

आदल्या दिवशी, रविवारी, नदीकाठी गेलो. ऊन पडलं म्हणून सगळं गाव नौकाविहाराला लोटलं होतं. होड्यांत गाद्या टाकून माणसं पसरली होती, खात होती, गात होती. एक बाई छत्री धरून पाण्यात बोटं बुडवून बसली होती. मला ते बघवेना. सुमतीला पाण्याची भारी हौस. हुसेनसागराच्या बांधावर टांगा थांबवायला लावून ती किती तरी वेळ उभी राहायची. ह्या लोकांनी असं कोणतं पुण्य केलं आणि तिने कोणतं पाप? दात आवळून मी मनातल्या मनात देवाला वाटेल ते बोलत होतो.

तेवढ्यात एका लहान होडीकडे लक्ष गेलं. आत एक माणूस आणि त्याची सात-आठ वर्षांची मुलगी. त्याच्या हातून एक वल्हं निसटलं, ते धरायला वाकला तर दुसरंही गेलं. मुलगी खिदळत होती, काठावरचे लोकही हसत होते. पुढे बंधारा होता. बंधाऱ्याआधी पाणी कसं शांत दिसतं आणि मग कसं ओढून नेतं, हे मी जन्मभर पाहिलेलं. ओरडलो, कोणी लक्ष दिलं नाही. मला पोहता येत नाही, तरी बुटांसकट पाण्यात शिरलो. पाणी छातीला लागलं आणि होडीमागे तरंगणारा दोर वाहत वाहत माझ्याच हाताशी आला. पाय चिखलात रुतवून मी तो धरून ठेवला. मग दोघं-तिघं धावले आणि होडी काठाला लागली.

मुलीला छातीशी धरून तो माणूस म्हणाला, "देवानेच तुम्हाला पाठवलं."

माझा संताप उसळला. "मला पाठवलं? आणि माझी बायको तापात जळत होती, तेव्हा माझ्या घरी कोणाला पाठवलं?"

तो गोंधळला. मग हळूच म्हणाला, "कोणीच आलं नव्हतं?"

'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि आठवलं. शेजारच्या राबियाखाला, म्हणजे राबियामावशी, आल्या होत्या. ताप लागेल म्हणून आमचे नातेवाईक दारातून परतत होते, तेव्हा ही बाई आजार संपेपर्यंत सुमतीच्या उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती. "भाईसाब, तुमे जाको दो निवाले खा लेव, मैं बैठी हूँ इधर," असं मला म्हणायची. शेवटच्या घटकेला सुमतीचा हात त्यांच्याच हातात होता. मला ती वाचायला हवी होती आणि ती वाचली नाही. पण ती एकटी गेली नव्हती.

ओल्या कपड्यांनी मी तिथेच गवतावर बसलो आणि ती गेल्यानंतर प्रथमच रडलो. तो माणूस शेजारी बसून राहिला. सोमवारी मी नकार कळवला.

परत आल्यावर आधी राबियाखालांकडे गेलो. माझी मुलगी त्यांच्याच अंगणात खेळत होती. आभार मानले तर त्या रागावल्या. "कैसी बातां करते भाईसाब," म्हणत त्यांनी आभाळाकडे बोट केलं. "उने बुलाया, मैं आई."

आई अखेर कुरकुरत औरंगाबादला आली. राज्य मोडल्याची चीड आजही आहे, सुमतीबद्दलची तर आहेच. रोज संध्याकाळी देवापुढे बसतो आणि पुष्कळदा भांडतोच, पण आता समोर बसून भांडतो. त्याने काय द्यावं हे ठरवणं सोडलं आहे. तो ज्याला पाठवेल त्याला ओळखण्याइतकी दृष्टी ठेव, एवढंच मागतो आणि हात जोडतो.