मित्राताईने पुसलेली जाळी

मित्राताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी किरनापुरच्या बाजारात पर्चे वाटत होतो. फोन तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या मावसाजींचा होता. ''राजेगावचा पूलही नाई ओलांडला रे...'' एवढंच ते बोलले. सकाळी अंघोळ करून आली, डोकं धरून खाली बसली, आणि गोंदियाला नेताना गाडीतच संपली. चौतीस वर्षांची होती. आता पाच आठवडे झाले. तिच्यावर काही लिही, असं लोक म्हणतात. लिहितो आहे. पण तिचं एक काम अर्धं राहिलं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला ती आठवताच येत नाही.

संघमित्रा तिचं नाव. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमची घरं एकाच गल्लीत. माझ्या वडिलांनी आयुष्यभर सभा-मोर्च्यांचे पर्चे छापले आणि वाटले, त्यामुळे आमच्या घरी पाहुण्याला बसायला जागा नसे, पण पर्च्यांच्या गठ्ठ्यांना असे. मित्राताई त्यांच्या घड्या घालायला यायची आणि घड्या घालता घालता वाचायची. ''काका, सभा किती वाजता हाय ते लिहाचं राह्यलं,'' असं ती बारा वर्षांची असताना म्हणाली होती, आणि वडिलांनी पाचशे पर्च्यांवर हाताने वेळ लिहिली होती. पुढे ती नागपुरात शिकली, तिथल्याच एका कंपनीचं काम घरी बसून करू लागली. काम काय, हे गल्लीत कोणालाच कळत नव्हतं. ''संगणकावर घरं जाळते,'' असं तिची आई, म्हणजे माझी मावशी, शेजारणींना सांगायची.

खरं तर ती जाळायची नाही, जाळण्याआधीची साफसफाई करायची. इमारतीला आग लागली तर धूर कुठून कुठे आणि किती वेळात जाईल, हे हल्ली संगणकावर आधी काढून पाहतात. आर्किटेक्टचा नकाशा त्याला जसाच्या तसा चालत नाही. ''आर्किटेक्ट नळाच्या तोट्याबी काढून ठेवते बाप्पा. आगीले तोटीचं काय करा लागते?'' ती हसायची. तोट्या, कड्या, बिजागऱ्या, स्क्रू ती पुसून टाकायची. दोन भिंती कोपऱ्यात जुळलेल्या नसल्या तर ती फट बुजवायची, नाहीतर खोटा धूर तिथून पाझरतो. मग सगळी इमारत वीतभर ठोकळ्यांत कापली जाते. एखादी वस्तू ठोकळा भरते, नाहीतर ती नसतेच. अधलंमधलं त्या यंत्राला समजत नाही.

मागच्या वर्षी तिच्याकडे आमच्याच गावातल्या एका नव्या खाजगी वसतिगृहाचा नकाशा आला. शिकवणीसाठी आलेल्या मुलींचं, तीन मजल्यांचं. मागच्या जिन्यावर, पहिल्या मजल्याच्या खाली, लोखंडी सळयांची सरकती जाळी काढलेली होती. सळया बोटभर जाड. ठेवल्या तर प्रत्येक सळई फुगून ठोकळा होणार, सळया एकमेकींना चिकटणार आणि जाळीची भिंत होणार. मग धूर तिथेच अडल्यासारखा दिसला असता. म्हणून तिने जाळी पुसली. धुरासाठी ते अगदी बरोबर होतं. पण तोच साफ केलेला नकाशा मुली किती वेळात बाहेर पडतील हे मोजायलाही वापरला गेला. 'इथे जाळी आहे' अशी नोंद तिने करायला हवी होती. ती राहिली. संगणकातल्या मुली मोकळ्या जिन्याने खाली उतरल्या, आणि अहवालात इमारत पास झाली.

दिवाळीनंतर ती हट्टा गावच्या मैत्रिणीच्या लेकीला डबा द्यायला त्याच वसतिगृहात गेली, आणि तिथून सरळ माझ्याकडे आली. चप्पलही काढली नाही.

''ते जाळी म्या पुसली.''

''कोणती जाळी?''

''तिले ताला हाय बे! दिवसा बी. अन् चाबी समोरच्या गेटवरच्या चौकीदाराच्या कमरेले.''

कंपनीला तिने त्याच दिवशी कळवलं. उत्तर आलं, अहवाल दिला गेला आहे, कुलूप लावणं हा मालकाचा प्रश्न. मालक म्हणाला, ''मॅडम, ताला तो लड़कियों की सेफ्टी के लिए है.'' ती चार वेळा गेली. चौथ्या वेळी चौकीदाराने तिला आतच सोडलं नाही. मग ती मला म्हणाली, ''पर्चेवाल्या, लिह्य आता.''

मी लिहिलं. एका बैठकीत, तळमळून. नफेखोरी, व्यवस्था, मुलींच्या नावाने चाललेली कोंडी, सगळं त्यात होतं. तिने उभ्या उभ्या वाचलं आणि कागद माझ्या हातात परत दिला.

''याच्यात जाळी कोठं हाय? कोणत्या जिन्यावर, चाबी कोणाजवळ, हे कोठं हाय?''

''ताई, प्रश्न एका कुलपाचा नाही,'' मी चिडून म्हणालो.

''हौ. पण पोरी मरतीन त एका कुलपापायी मरतीन.''

मला राग आला. उद्या बदलतो म्हणालो आणि तीन दिवस बदललं नाही. चौथ्या दिवशी किरनापुरला गेलो, दुसऱ्याच विषयाचे पर्चे घेऊन. बाकी वर लिहिलंच आहे.

तिच्या मागे मी तो पर्चा तिला हवा तसा लिहिला. जिना, मजला, चावी, कमर. मुलींच्या घरोघर दिला. लामता गावच्या एका बापाने तो वाचून लेकीला घरी नेलं, बाकीच्या तिथेच आहेत, कारण दुसरीकडे जागा नाही. नगरपालिकेच्या कार्यालयात अर्ज दिला, त्यावर शिक्का मिळाला. मालक म्हणतो, परीक्षा झाल्या की बघू. काल सकाळी मी मागच्या बाजूने पाहून आलो. ताला आहे. मला आता काय लिहावं ते कळत नाही... शब्दांवर माझा एवढा विश्वास होता, आणि ते त्या सळयांतून धुरासारखे जातात आणि ताला तसाच राहतो.

मागच्या आठवड्यात मावशीने मला ताईचा संगणक पाहायला बोलावलं. त्यात वसतिगृहाची आणखी एक फाइल सापडली. धुरासाठी जाळी नव्हती, माणसांसाठी तिने त्या जागी पक्की भिंत टाकली होती. कोणी मागितली नव्हती ती फाइल. मी ती चालवली. मुलींच्या जागी असलेल्या निळ्या बाहुल्या मागच्या जिन्याने उतरल्या आणि पहिल्या मजल्याच्या खाली येऊन थांबल्या. वरून आणखी आल्या. पदराला हात पुसत मावशी मागे उभी होती.

''हे काहून थांबल्या?''

''जाळीले ताला हाय, मावशी.''

''मंग समोरून जाव म्हणा ना त्यायले.''

''समोर धूर हाय.''

मावशी पुढे आली. खुर्ची ओढून बसली आणि कोणतं बटण दाबायचं ते विचारून घेतलं. तेव्हापासून रोज दुपारी, भांडी झाली की, ती तिथे बसते. मी गेलो की मान न वळवता विचारते, ''उघडलं का?'' मी नाही म्हणतो. ती बटण दाबते, आणि सगळ्या पोरी पुन्हा वरून उतरायला लागतात.